जोतिबा मास्तरांचा आखूड पाय

निपाणीच्या जोतिबा मास्तर डान्स बँडमध्ये नऊ माणसं आहेत आणि वाजवताना नऊच्या नऊ लंगडतात. एरवी नाही. एरवी ड्रमवाला मष्णू आपल्या पंक्चरच्या दुकानातून चहाच्या गाड्याकडे असा सुटतो की गिऱ्हाईक तोंडात बोट घालून बघत राहतं. ट्रंपेटवाला शामू बसचा कंडक्टर, घाटातल्या वळणांवरही दांडी न धरता उभा राहणारा. पण गळ्यात बाजा अडकला आणि पहिला सूर निघाला की सगळ्यांचा डावा पाय जमिनीवर रेंगाळतो, उजवा घाईघाईनं टेकतो न टेकतो तोच उचलला जातो, आणि लाल कोट घातलेली नऊ धडधाकट माणसं नवरदेवाच्या पुढं एका ठेक्यात लंगडत निघतात. निपाणीकरांना त्याचं आता काही वाटत नाही. बाहेरगावचा एखादा वऱ्हाडी मात्र हळूच विचारतो, "एवढी माणसं एकाच अपघातात सापडली काय हो?"

अपघात खरा एकाच माणसाचा होता. जोतिबा मास्तर तरुणपणी बेळगावला कॅम्पातल्या एका क्लबात ताटं उचलायला होते. साहेब केव्हाच गेले होते, पण लष्करी अधिकाऱ्यांसाठी शनिवारचा नाच आणि त्या नाचासाठी गोव्याकडचे वाजवणारे अजून टिकून होते. ताटं उचलता उचलता मास्तरांनी एक दिवस सॅक्सोफोन उचलला. पुढं तो क्लबातला बँड मोडला, वाजवणारे पांगले, आणि मास्तर हातानं लिहिलेल्या वह्यांचं गाठोडं बगलेत मारून निपाणीला आले. वह्यांची पहिली पानं वाळवीनं खाल्लेली, त्यामुळं त्यातल्या कुठल्याच गाण्याचं नाव आजतागायत कुणाला माहीत नाही. नुसते नंबर आहेत. नवरदेव घोड्यावर चढताना तीन नंबर. मारुतीच्या देवळापुढं बावीस. आणि मांडवाच्या दारात चौदा, जो सगळ्यांत गोड, आणि जो वाजला की नवरीचा बाप हटकून डोळे पुसतो.

मास्तरांची शिकवण्याची रीतही न्यारी होती. पहिला महिनाभर बाजाला हात लावायचा नाही. "आधी माझ्या मागनं चाला," ते म्हणायचे. "पायात आल्याबिगार तोंडात येत न्हाय." मग पाटलांच्या तंबाखूच्या वखारीत, पोत्यांच्या थप्प्यांमधून, मास्तर पुढं आणि शिकाऊ मंडळी मागं शिंकत शिंकत चालायची. मास्तर जसं पाऊल टाकतील तसं पाऊल टाकायचं. एक लांब, एक आखूड. एक लांब, एक आखूड. मंडळींची पक्की समजूत, की कॅम्पातल्या साहेबांच्या बँडाची ही खास कवायत आहे. मास्तर भाजी आणायला बाजारात जातानासुद्धा तसेच चालायचे. ते बघून शिष्य एकमेकांना म्हणायचे, केवढी ही साधना! माणूस झोपेतसुद्धा तालात असणार.

मास्तर वारले तेव्हा त्यांना शेवटची आंघोळ घालताना कळलं, की त्यांचा उजवा पाय डाव्यापेक्षा चांगला तीन बोटं आखूड होता. लहानपणी त्यावरून बैलगाडी गेली होती म्हणे. सगळे शिष्य हातातले तांबे तसेच धरून एकमेकांकडं बघत राहिले. शेवटी मष्णू म्हणाला, "म्हंजे आपुन येवढी वर्सं उगाच लंगडालोय व्हय?" तोवर ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की सोडायचं म्हटलं तरी कुठून सोडायचं हेच कुणाला कळेना. मग कुणी सोडलंच नाही.

मास्तरांच्या मागं बँड आला नेमगोंडा पाटलांकडं. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णा तंबाखूवाल्या जैन घरातले, वखार त्यांचीच, सॅक्सोफोनही त्यांच्याकडंच. त्यांच्या आईनं चामड्याचा ड्रम कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही, म्हणून तालमी वखारीत व्हायच्या त्या आजही तिथंच होतात, ड्रमला प्लास्टिकचं पान लागून वीस वर्षं झाली तरी. पाटलाच्या पोरानं वरातीत वाजवावं याचा समाजात बराच गवगवा झाला होता. लग्न ठरतानाही मुलीकडच्यांना "मुलगा वखार बघतो" एवढंच सांगितलं गेलं. तारामतीला सॅक्सोफोनचा पत्ता लागला तो लग्नानंतर आठ दिवसांनी.

तिनं ते मनाला लावून घेतलं नाही, कामाला लावलं. एकेचाळीस वर्षं ती अण्णांना चिडवत आली. "धडधाकट माणूस," ती म्हणायची, "पर बाजा हातात आला की घोडं नाल पडल्यागत चालतंय." स्वयंपाकघराची खिडकी वखारीकडं उघडायची, त्यामुळं प्रत्येक तालीम तिच्या कानांवरून गेलेली. भाकऱ्या थापता थापता ती तीन नंबर गुणगुणायची. पण अण्णांना वाजवताना समोरून तिनं कधी म्हणजे कधी बघितलं नव्हतं. नवरा पुढं वाजवतोय आणि पाटलाची सून वरातीच्या मागनं चाललीय, हे कसं दिसेल? आधी सासूसाठी गेली नाही, मग सासू गेली आणि सवय राहिली.

आणि अण्णांची एक इच्छा होती, जी त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. एकदा तरी आपण काळा कोट घालून, खुर्चीवर बसून, सभ्य माणसासारखं वाजवावं. धूळ नको, फटाके नकोत, पुढं नाचणारी दारुडी नकोत. आणि समोर पहिल्या रांगेत तारामतीनं बसून ऐकावं. वय सहासष्ट झालं होतं. तसं बोलावणं कुणाचं येत नव्हतं.

यंदा श्रावणात तारामतीचा उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तिनं "बघू" सांगितलं. ती चालू लागली आणि अण्णांना पहिल्याच दिवशी दिसलं: डावा पाय रेंगाळतोय, उजवा घाईत उचलतोय. एक लांब, एक आखूड. हे आपल्याला दिसलं याचीच त्यांना लाज वाटली. ज्या ठेक्यावर आपण चाळीस वर्षं मिरवलो तो आता बायकोच्या गुडघ्यात दुखतोय, असं त्यांच्या मनात आलं आणि ते वखारीत जाऊन उगाच पोती मोजत बसले. तारामतीनं लग्नंकार्यं बंद केली. बस्तीत, म्हणजे जैन देवळात, दर्शनाला जायची ती पहाटेच, कुणी नसताना. "लोक बघत्यात," एवढंच एकदा म्हणाली.

दिवाळी झाल्यावर अण्णांनी बँडला जमवून फर्मान काढलं. "यंदापासनं लंगडायचं बंद. सरळ चालायचं."

"का वो अण्णा?" शामूनं विचारलं.

"मोबाइलवर कुणी तरी आपला व्हिडिओ टाकलाय. खाली लोकांनी दात काढल्याली तोंडं लावल्यात."

व्हिडिओ खरा होता, दात काढलेली तोंडंही खरी होती. पण त्याचं अण्णांना काडीचं सोयरसुतक नव्हतं. घरात बायको पाय ओढत चालत असताना बाहेर आपण हौसेनं लंगडायचं हे त्यांना बघवत नव्हतं. तिला वाटेल, हा मला वेडावतोय. हे खरं कारण आठ बाप्यांपुढं सांगायचं तर जीभ रेटेना, म्हणून व्हिडिओ पुढं केला.

त्याच आठवड्यात ऋतिका आली. मूळची बेळगावजवळच्या काकतीची, बेंगळुरूला नोकरीला. तिथं ती आणि तिचे मित्र दर शनिवारी जमून जुन्या विलायती गाण्यांवर जोडीनं नाचायचे. गेल्या वैशाखात मैत्रिणीच्या लग्नाला निपाणीत आली असताना तिनं हा बँड ऐकला होता.

"अण्णा, तुमच्या बँडला जो स्विंग आहे तो मी बेंगळुरूत पण ऐकला नाही."

अण्णा गोंधळले. "तसलं काय न्हाय बाई आमच्यात. सॅक्सोफोन हाय, ट्रंपेट हाय, दोन क्लॅरिनेट."

ऋतिका हसली, उठली आणि वखारीतच चार पावलं झुलून दाखवली. "हे. हे असं झुलणं."

"हे व्हय!" अण्णांचा जीव भांड्यात पडला. "ही लचक. ही मास्तरांची."

डिसेंबरात तिचं लग्न होतं. दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी तीन वाजता, बेळगावच्या कॅम्पात एका हॉलमध्ये स्वागत समारंभ. मधली जागा मोकळी ठेवणार, बेंगळुरूचे मित्र नाचणार, बँड स्टेजवर, खुर्च्यांवर बसून. पुढचं अण्णांनी ऐकलंच नाही, ते खुर्च्यांवरच अडकले होते.

"पयल्या रांगंत बी खुर्च्या असत्यात न्हवं? बगणाऱ्यास्नी?"

"असतात की."

"मग ठरलं," अण्णा म्हणाले. बाकीच्या आठांना विचारायचं राहूनच गेलं.

त्या दिवशी जेवताना त्यांनी तारामतीपुढं विषय काढला. गाडी थेट दारापर्यंत जाते, पायऱ्या दोनच आहेत, सोनल गाडी चालवील. सोनल म्हणजे त्यांची सून. तारामती म्हणाली, "बघू." ऑपरेशनलाही ती हेच म्हणाली होती, पण अण्णांनी हा बघू अर्ध्या होकारात जमा केला आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.

तालीम सुरू झाली. समाजाच्या कार्यालयातून नऊ खुर्च्या आणल्या, वह्या ठेवायला लोखंडी स्टँड करून घेतले, सगळ्यांसाठी काळे कोट शिवायला टाकले. मंडळी ऐटीत बसली. चौदा नंबर सुरू झाला, आणि संपला. सूर सगळे जागेवर होते, एकही इकडचा तिकडं नव्हता. झेंडावंदनाला मुलं रांगेत उभी करतात तसे सगळे सूर हात सरळ करून उभे होते. पण मांडवाच्या दारात नवरीच्या बापाला रडवणारा चौदा नंबर तो हा नव्हे.

मग खापर फोडायला डोकी शोधणं सुरू झालं. आधी मष्णूच्या काठ्या बदलल्या. मग अण्णांनी सॅक्सोफोनच्या तोंडातली वेताची पट्टी बदलली. मग सगळ्यांचं लक्ष शामूकडं गेलं, कारण शामूनं नुकतीच कवळी बसवली होती. शामूनं कवळी काढून वाजवून दाखवलं, तर ते आणखी वाईट झालं. पाच दिवस तालीम झाली आणि पाचही दिवस चौदा नंबर हात सरळ करून उभा राहिला.

समारंभाच्या आधीच्या रविवारी ऋतिका ऐकायला आली. अण्णांचे डोळे वहीवर नव्हते, तिच्या पायांवर होते. मान हलत होती, पण पाय हलत नव्हता. गाणं संपल्यावर ती म्हणाली, "छान." अण्णांनी आयुष्यात पुष्कळ छान ऐकले होते, त्यातला हा कुठला ते त्यांना बरोबर कळलं. ती चहासुद्धा न घेता गेली.

अण्णा मान खाली घालून स्वयंपाकघरात आले. तारामती स्टुलावर बसून भाकऱ्या करत होती, आता उभं राहणं होत नव्हतं. तव्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "बसून वाजवालाय व्हय?"

"तुला कसं कळलं?"

"एक्केचाळीस वर्सं ऐकालोय की मी. एक लांब, एक आखूड असतंय तुमचं. आता दोनी सारकंच. मास्तरांचा पाय न्हाय त्यात."

अण्णा दारातच थांबले. बोलताना इतकं सोपं होतं, आणि नऊ माणसांनी पाच दिवस काठ्या, पट्ट्या आणि दात बदलले होते. मास्तरांनी कुणाला कधी मोजायला शिकवलंच नव्हतं. नुसतं मागनं चालायला शिकवलं होतं. ठेका धरणारं जे काही होतं ते सगळं गुडघ्याच्या खाली होतं, आणि ते आता खुर्चीपाशी लोंबत पडलं होतं.

"मग उठा की," तारामती म्हणाली. "चालत वाजवा, पैल्यागत."

"न्हाय. आता तसं चालायचं न्हाय."

"का?"

खरं सांगायची वेळ हीच होती, आणि अण्णांच्या तोंडून भलतंच गेलं. "लंगडणाऱ्याला लोक हसत्यात," ते म्हणाले.

तव्यावरची भाकरी फुगली आणि करपायला लागली. तारामतीनं ती उलटली नाही.

"हसत्यात व्हय," ती म्हणाली. मग तवा खाली उतरवून, "साकु, बास झालं. मी काय येत न्हाय बेळगावला. तिथं तुमच्या काळ्या कोटाशेजारी लंगडी बायको कशाला?"

तिला कानडी आठवलं की विषय संपला, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अण्णांना ओरडून सांगावंसं वाटलं, अगं तुझ्यासाठीच तर सगळं चाललंय. पण जो माणूस एकेचाळीस वर्षं मनातलं सगळं फुंकून सांगत आला, त्याला ऐन वेळी शब्द कुठून सापडणार? करपलेली भाकरी त्यांनीच मागून घेतली आणि खाल्ली.

पुढचे सहा दिवस तारामतीनं त्यांना एकदाही चिडवलं नाही. वेळेवर जेवण, वेळेवर चहा, इस्त्री केलेले कपडे. अण्णा कासावीस झाले. त्यांनी एकदा मुद्दाम उलटा सदरा घालून बघितला. ती म्हणाली, "सदरा उलटा हाय," आणि निघून गेली. रविवारी सकाळी तिनं काळा कोट आणून हातात दिला, खांद्यावरचा एक दोरा तोडून टाकला आणि म्हणाली, "सावकाश जावा." बँडची गाडी निघाली तेव्हा ती दारात नव्हती.

हॉल झकास होता. स्टेजवर नऊ खुर्च्या, समोर मोकळी गुळगुळीत फरशी, तिच्या तिन्ही बाजूंना पाहुण्यांच्या खुर्च्या आणि पार पलीकडच्या टोकाला मोठं दार. अण्णांनी खाली उतरून पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर आपला रुमाल टाकला.

"कुणासाठी वो?" मष्णूनं विचारलं.

"कुणासाठी न्हाय," अण्णा म्हणाले.

तीन नंबर झाला. बेंगळुरूची मंडळी हात धरून हौसेनं उतरली, चार पावलं टाकली, थांबली, एकमेकांकडं बघून हसली, पुन्हा चार पावलं टाकली. बावीस नंबर झाला तोवर निम्मे जण आइस्क्रीमच्या टेबलाकडं सरकले होते. काकतीची वडीलधारी मंडळी ऊसतोडीच्या गप्पांत रमली. ऋतिका नवरीच्या साडीत फरशीच्या मध्यभागी उभी होती आणि तिचा चेहरा रागावलेला नव्हता. रागावली असती तर अण्णांना बरं वाटलं असतं. ती त्यांच्याकडं बघून धीर दिल्यासारखी हसत होती, आणि अण्णांना काळ्या कोटात घाम फुटला होता.

तेवढ्यात पलीकडच्या दारात सोनल दिसली. आणि सोनलच्या मागं, दाराच्या चौकटीला धरून, हातात डबा घेतलेली तारामती.

डब्याचं कारण अण्णांना बघताक्षणी कळलं. इथल्या जेवणात कांदा-बटाटा असणार, घरी पोचेतो सूर्य बुडणार आणि दिवस बुडाल्यावर जैन घरात जेवत नाहीत, म्हणजे अण्णा उपाशी झोपणार. येणार नाही म्हणाली होती ती बाई अण्णांच्या पोटासाठी पाऊणशे किलोमीटर आली होती. पण दारातून स्टेजपर्यंत यायचं तर ती अख्खी मोकळी फरशी ओलांडावी लागणार होती, तिन्ही बाजूंनी बसलेल्या तीनशे माणसांच्या डोळ्यांदेखत. सोनल तिचा हात ओढत होती. तारामतीनं फरशीकडं बघितलं, लोकांकडं बघितलं, डबा सोनलच्या हातात दिला आणि ती माघारी वळली.

अण्णा उठले. उठताना खुर्ची मागं पडली, तिचा केवढा तरी आवाज झाला. वही चौदा नंबरवर नव्हती, पण चौदा नंबरला वही कशाला लागते? त्यांनी श्वास भरला, फुंकला आणि स्टेजच्या पायऱ्या उतरले. फरशीवर पहिलं पाऊल पडलं. डावा पाय रेंगाळला, उजवा घाईनं टेकला आणि उठला.

मागं मष्णूनं स्टँडवरचा ड्रम उपसून गळ्यात अडकवला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्याच्या पायांनीच त्याला उठवलं होतं. मग शामू उठला, मग दोन्ही क्लॅरिनेटवाले, आणि बघता बघता काळ्या कोटातली नऊ माणसं त्या गुळगुळीत फरशीवरून एका ठेक्यात लंगडत निघाली. कुणी तरी हसलं. चांगलं मोठ्यानं हसलं. अण्णांना ते स्पष्ट ऐकू आलं, कान गरम झाले आणि डावा पाय त्यांनी आणखी जरा लांब टाकला. चौदा नंबरनं सरळ केलेले हात सोडले. आइस्क्रीमच्या टेबलापाशी कुणाचा तरी पाय जमिनीवर आपटायला लागला, मग दुसऱ्याचा. ऋतिकानं हातातला गुच्छ आईच्या मांडीवर टाकला आणि नवऱ्याला दंडाला धरून ओढलं.

अण्णा दारापाशी पोचले. तारामती पाठमोरी थांबली होती. चौदा नंबर मागून येऊन तिच्या खांद्याशी उभा राहिला, तेव्हा ती वळली. तिनं आधी अण्णांच्या पायांकडं बघितलं. मग मष्णूच्या, मग शामूच्या. नऊ जोड्या पाय जागच्या जागी, एक लांब, एक आखूड.

"अवो," ती म्हणाली, "लोक बघालेत."

अण्णांच्या तोंडात सॅक्सोफोन होता. ते वाजवत राहिले.

"हसालेत."

अण्णांनी भुवया उंचावून फरशीकडं खूण केली. तिथं हसणं मागं पडलं होतं. तीस-चाळीस जण हात धरून झुलत होते आणि काकतीचे दोन आजोबा ऊस सोडून खुर्च्या पुढं ओढत होते. अण्णा वळले, दोन पावलं गेले आणि थांबले, आपल्या शेजारी एका माणसाची जागा ठेवून.

तारामतीनं सोनलकडून डबा परत घेतला, पदर नीट केला आणि चौकट सोडली. पहिलं पाऊल तिनं चोरून टाकलं. दुसरं टाकलं. तिसऱ्याला तिचा उजवा गुडघा दुखला तसा तो घाईनं उचलला गेला, आणि त्याच क्षणी शेजारच्या नऊ जणांचा उजवा पाय उचलला गेला. बघणाऱ्या तीनशे माणसांत एकालाही सांगता आलं नसतं, की या दहांतला खरा दुखरा पाय कोणता.

वाटेत ती बोलत राहिली. चिडवणं सहा दिवसांचं तुंबलेलं होतं. "गुडघा माजा गेला आन् पाय तुमचा सरळ झाला. मला कळत न्हाय व्हय? मला वाटलं, तुमास्नी माजी लाज वाटाय लागली."

अण्णांनी जोरात मान हलवली. त्यासरशी सॅक्सोफोनचा सूर असा काही हेलकावला, की बेंगळुरूच्या मंडळींनी आनंदानं आरोळी ठोकली.

"मग तोंडानं सांगायचं न्हाय? का ते बी बाजातनंच सांगणार?" तिनं बाजूला बघितलं. अण्णांचे डोळे भरले होते आणि गाल फुगलेले होते, आणि दोन्ही एकाच वेळी फार विनोदी दिसत होतं. "असूंदे," ती म्हणाली. "घोडं बरं चालालंय आज."

पहिल्या रांगेच्या टोकाशी ती मंडळी पोचली. कडेची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर रुमाल होता. तारामतीनं तो ओळखला, त्याचा काठ तिनंच शिवलेला होता. तिनं खुर्चीकडं बघितलं, मग अण्णांकडं. अण्णा वाजवता वाजवता मान तिरकी करून तिला बसायची खूण करत होते. एकेचाळीस वर्षं त्यांनी मनात राखून ठेवलेली जागा होती ती.

तारामतीनं रुमाल उचलून कमरेला खोचला. बसली मात्र नाही.

"येवढं चालून आल्यावर बसायचं व्हय?" ती म्हणाली. "आनखी एक फेरी घ्या."

आणि हातातला डबा नीट सावरून ती स्वतःच आधी वळली. बँड तिच्या मागनं निघाला.